पुढल्या पंधरा वर्षांचा अदमास

अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावी घट मांडतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. शेतात गोल आखून अठरा प्रकारची धान्ये मांडायची. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पापड, कुरडई, करंजी, पानसुपारी. रात्री तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे काय हलले, काय भिजले ते पाहायचे. ढेकळांवरून पाऊस, धान्यावरून पीक, करंजीवरून सरकारी तिजोरी आणि पानसुपारीवरून राजाची गादी. भाकीत खरे ठरो वा न ठरो, पाऊस, पीक, तिजोरी आणि राजगादी ही सारी एकाच गोलात मांडण्यात जुन्या माणसांचे शहाणपण होते असे मला वाटते.

मी घट मांडणारा नव्हे. नाशिक जिल्ह्यात विस्ताराच्या कामासाठी बांधाबांधाने हिंडताना जे दिसते, त्यावरून २०४० सालापर्यंतचा अदमास बांधतो आहे.

भाकीत करणाऱ्याने आधी जुनी भाकिते तपासावीत. २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. किरणांचा मारा केलेल्या कांद्याला मोड येत नाही, तेव्हा आता कांदा वर्षभर टिकणार आणि भावाची चिंता मिटणार, असे बोलले जाऊ लागले. मोड थांबतात हे खरेच. पण सड आणि वजनातली घट त्याने थांबत नाही. काढणीनंतर लवकर प्रक्रिया करावी लागते, पुढे साठवणही थंड लागते आणि तो खर्च कांद्याच्या भावात बसत नाही. मग २००७ साली अमेरिकेने विकिरणाच्या अटीवर भारतीय आंब्याला दार उघडले आणि कोकणचा हापूस लासलगावला येऊन परदेशी जाऊ लागला. केंद्र कांद्याच्या गावात, नशीब मात्र आंब्याचे उघडले! नवे यंत्र येते, पण आपण योजलेल्या जागीच येईल असे नाही.

दुसरे उदाहरण डंकेल प्रस्तावाचे. १९९१ साली तो मसुदा आला तेव्हा शेतकऱ्याला घरचे बियाणे ठेवता येणार नाही अशी धास्ती गावोगाव होती. शरद जोशींसारखे खुल्या बाजाराची बाजू घेणारे त्या वेळी थोडेच. पुढे २००१ साली वाणांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात बियाणे राखणे, पेरणे, अदलाबदल करणे आणि छापील नावाशिवाय विकणे हा शेतकऱ्याचा हक्क मान्य झाला. भीती होती ती परके लोक दार लावतील याची. कांद्यापुरते पाहिले, तर दार आतून लागले.

हिशोबच पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ मध्ये उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, त्याच वर्षी ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्काचा शेवटचा भाग गेला १ एप्रिल २०२५ रोजी. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया इथल्या व्यापाऱ्याने इतके दिवस आपली वाट का पाहावी? तो दुसरीकडे वळतो, आणि एकदा वळला की सहज परतत नाही. बांगलादेश तर स्वतःचा कांदा वाढवतो आहे आणि त्यांच्या हंगामात आपल्या कांद्याचे आयात परवाने रोखून धरतो.

माझे पहिले भाकीत हेच : २०४० पर्यंत निर्यातीवर निदान तीनदा तरी असा घाला पडेल, मग दिल्लीत कोणाचेही सरकार असो. १९८० च्या आणि दिल्ली विधानसभेच्या १९९८ च्या निवडणुकीत कांद्याच्या भावाने काय केले ते कोणताही पक्ष विसरलेला नाही. शहरातले मतदार वाढत जाणार, तशी ही भीतीही वाढत जाणार. म्हणून चाळीतला सगळा उन्हाळ कांदा दिवाळीच्या भावाच्या आशेवर धरू नका. तीन हप्त्यांत विका. चाळीत माल आहे म्हणून त्याच्या जोरावर लग्नाचे किंवा ट्रॅक्टरचे कर्ज काढू नका. हे सांगितले की लोक माझ्यावर रागावतात, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

द्राक्षवाल्यांची दोरी आणखी लांब गेली आहे. २०१० साली एका संजीवकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, ही आठवण निफाड-दिंडोरीत अजून ओली आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. रॉटरडॅमला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, भाडे चढले आणि द्राक्षांचे टिकाऊपणाचे दिवस पाण्यावरच खर्च झाले. बागेत ठिबकमधून सोडतो ती विद्राव्य खते बहुतेक चीनमधून येतात. २०२५ साली त्यांनी हात आखडता घेतला आणि इथल्या दुकानांत भाव वाढले. येमेनचे बंडखोर आणि चीनचे अधिकारी आपल्या घडाचा भाव ठरवू लागले आहेत, आणि हे कमी होणार नाही. पोटॅश आपल्या देशात निघत नाही, तेव्हा शेणखत आणि काडीकचरा कुजवणे हा पुढे केवळ सेंद्रियवाल्यांचा छंद राहणार नाही, ती गरजच होईल.

द्राक्षाचे एकर कमी होतील असेही मला वाटते. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाडकरांनी पाहिली आहे. उघड्या बागेचा जुगार मोठ्या कर्जावर फार काळ खेळता येत नाही. राहतील त्या बागा आच्छादनाखाली असतील. पुष्कळ वाण परदेशी मालकीचे असतील, त्यांचे स्वामित्वशुल्क भरावे लागेल. एकट्याला ते झेपणारे नाही. मोहाडीच्या ‘सह्याद्री’सारखी शेतकऱ्यांची कंपनी ज्यांच्या मागे आहे ते टिकतील.

आता पाण्याकडे वळू. दिवसा सौर वीज मिळणे ही मोठी सोय आहे. रात्री बारे द्यायला जाऊन विंचूकाट्याशी गाठ नको. पण सूर्याचे बिल येत नाही, म्हणून पंप बंद करायला कारणही उरत नाही. देवळा, चांदवड, सटाण्याकडे बोअर आजच किती खोल गेले आहेत ते तिकडच्या वाचकांना ठाऊक आहे. वर नाशिक शहर फुगते आहे, खाली जायकवाडीचा हक्क कायद्याने मान्य झाला आहे. २०४० मध्ये शेताला पाणी मोजून मिळेल, विहिरीचेसुद्धा. यात भिण्यासारखे काही नाही. ओझरला वाघाड धरणाच्या पाण्यावर १९९० च्या दशकापासून पाणीवापर संस्था चालल्या आहेत. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी गावे पिंजून लोक एकत्र आणले. पाणी घनमापाने घेतले, पैसे भरले, आणि कालव्याच्या शेपटाला असलेल्या माणसालाही पाणी पोचले. राज्याचा तसा कायदा २००५ साली झाला. ओझरकरांनी आधीच करून दाखवले होते. जी गावे आपण होऊन मोजायला लागतील त्यांच्या हाती तोटी राहील. बाकीच्यांच्या तोटीला सरकार कुलूप लावील.

मोबाइलविषयी तरुण मुले फार विचारतात. पानाचा फोटो काढला की केवडा की भुरी ते फोन सांगू लागला आहे. राज्याने २०२५ साली शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही मंजूर केले. रोग ओळखण्यात हे यंत्र आमच्यासारख्या विस्तारवाल्यांना मागे टाकील, यात मला शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. यंत्र फुकट सल्ला देते तेव्हा त्याचा पगार कोण देतो? औषध विकणाऱ्याचा सल्ला शेवटी बाटलीपाशीच येऊन थांबतो, मग तो दुकानातून येवो की फोनमधून. ‘या आठवड्यात फवारू नका’ असे जे यंत्र सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मजुरांचे म्हणाल, तर पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्या टोळ्या अशाच येत राहतील हे समजणे चूक आहे. त्यांची मुले शिकत आहेत, घरच्या डोंगरावर आंबा, स्ट्रॉबेरी लावत आहेत. त्यांनी यावे तरी का? मजुरी चढेल आणि ती चढायलाच हवी. जिथे यंत्र चालते तिथे यंत्र येईल; घडाची विरळणी मात्र बराच काळ हातांनीच होईल.

राहता राहिला घरोघरचा प्रश्न. शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देत नाही. दहा एकर बाग असली तरी पोरीचा बाप नोकरी विचारतो. यात मुलीकडच्यांना दोष देऊन भागणार नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली. काही गावांनी ते केले, पुष्कळांनी हार घालून विषय संपवला. आज फवारणीची नोंदवही, पॅकिंगचा हिशोब, बँकेचे निरोप हे सारे अनेक घरांत सूनबाईच पाहते. माझे शेवटचे भाकीत असे की २०४० मध्ये या जिल्ह्यातल्या चांगल्या बागा बायका चालवत असतील. आणि ज्या घरांनी सातबाऱ्यावर सुनेचे नाव वेळेवर लावलेले असेल, त्यांच्या मुलांना स्थळे शोधत फिरावे लागणार नाही. हे काम खर्चाचे नाही, परवान्याचेही नाही; तलाठ्याकडे एक चक्कर मारून काय कागद लागतात ते विचारता येते.