बायपासनंतरचे विस्मरण रक्तचाचणीत दिसेल का?

हृदयावरील बायपास शस्त्रक्रिया यशस्वी होते, जखम भरून येते, रुग्ण घरी परततो. पण ओळखीची नावे चटकन आठवत नाहीत, वाचनात मन लागत नाही, साधे हिशेब चुकतात, अशा तक्रारी काही दिवसांतच सुरू होतात. या तक्रारी वय किंवा मनःस्थिती एवढ्यावरच ढकलता येत नाहीत, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २००१ मधील अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. मार्क न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या २६१ रुग्णांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता तपासली. रुग्णालयातून घरी जाताना ५३ टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता घटलेली होती. सहा आठवड्यांनी हे प्रमाण ३६ टक्के, तर सहा महिन्यांनी २४ टक्के झाले. पाच वर्षांनी मात्र ते पुन्हा ४२ टक्क्यांवर पोहोचले.

हृदयाच्या स्नायूंना इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान सोपे होते. मेंदूच्या इजेचीही अशीच खूण रक्तात सापडावी, यासाठी संशोधक प्रयत्नशील आहेत.

फसवे प्रथिन

१९९०च्या दशकात 'एस-१००बी' या प्रथिनाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये ते विपुल असते आणि शस्त्रक्रियेनंतर त्याची रक्तातील पातळी वाढलेली दिसत असे. पुढे लक्षात आले, की हेच प्रथिन चरबी, स्नायू आणि अस्थिमज्जेतही असते. शस्त्रक्रियेत छातीचे हाड कापावे लागते. छातीच्या पोकळीत साचलेले रक्त शोषून हृदय-फुफ्फुस यंत्रामार्गे पुन्हा शरीरात सोडले, की त्यासोबत हे प्रथिनही रक्तात मिसळते. म्हणजे चाचणी मेंदूची म्हणून केली, तरी मोजमाप छातीच्या जखमेचेही होत होते. चेतापेशींतील 'एनोलेज' या विकराची गतही तीच झाली. ते तांबड्या रक्तपेशींतही असते आणि यंत्रातून फिरताना या पेशी काही प्रमाणात फुटतात.

अलीकडे लक्ष आहे ते 'न्यूरोफिलामेंट लाइट' या प्रथिनावर. चेतातंतूंच्या सांगाड्याचा तो घटक असल्याने त्याचा उगम चेतासंस्थेतच असतो. अत्यंत संवेदनशील तंत्रामुळे आता ते रक्तातही मोजता येते. तथापि, वाढते वय व मूत्रपिंडाचे विकार यांमुळेही त्याची पातळी चढते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचा नमुना हाती नसेल, तर एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. स्मृतिऱ्हासाचे खात्रीशीर भाकीत करणारी एकही रक्तचाचणी अद्याप नित्याच्या उपचारात रुळलेली नाही.

दोष यंत्राचा की आजाराचा?

प्रारंभी सारा ठपका हृदय-फुफ्फुस यंत्रावर होता. परंतु अमेरिकेत २,२०३ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्रासह व यंत्राविना बायपास केलेल्या रुग्णांच्या बौद्धिक चाचण्यांत वर्षभरानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी तर शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरुग्णांशीच तुलना केली. सहा वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही गटांतील ऱ्हास जवळपास सारखाच निघाला. दीर्घकालीन घसरणीत रक्तवाहिन्यांच्या मूळ आजाराचा वाटा मोठा असावा, असा याचा अर्थ. पहिल्या काही आठवड्यांतील गोंधळ मात्र शस्त्रक्रिया, भूल आणि शरीरातील दाह यांच्याशी जोडला जातो.

विस्मरणाच्या भीतीने आवश्यक शस्त्रक्रिया टाळणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. वय जास्त असेल, मधुमेह असेल वा पूर्वी पक्षाघात झाला असेल, तर शस्त्रक्रियेआधीच स्मरणशक्तीची चाचणी करून घ्यावी. नंतर तुलनेला आधार मिळतो. अतिदक्षता विभागातून बाहेर येताच रुग्णाला चष्मा व श्रवणयंत्र द्यावे, झोप पुरेशी मिळू द्यावी, आप्तांनी त्याच्याशी बोलत राहावे. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी ठरविलेल्या नव्या परिभाषेनुसार पहिल्या ३० दिवसांतील घट ही 'बौद्धिक क्षमता पूर्ववत होण्यातील विलंब' मानली जाते. त्यानंतरही विस्मरण कायम राहिले, तर मात्र चेताविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला हवा. दीर्घकाळाचा विचार करता रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे हे हृदयाइतकेच मेंदूच्याही हिताचे आहे.