दातांच्या तपासणीत झोपेतल्या श्वासाची चाचपणी

झोपेत श्वास अडण्याचा विकार साधारण १ ते ५ टक्के मुलांत आढळतो. २ ते ८ या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते, कारण तेव्हा घशाच्या मानाने टॉन्सिल आणि ॲडेनॉइड मोठे असतात. दंतवैद्याच्या खुर्चीत मूल ‘आ’ करते, तेव्हा हा घसा आयताच दिसतो. टॉन्सिलचा आकार ० ते ४ अशा श्रेणीत मोजतात; चौथ्या श्रेणीत घशाची पाऊणहून अधिक वाट अडलेली असते. उंच-अरुंद टाळू, मागे राहिलेला खालचा जबडा, तोंडाने श्वास घेतल्यामुळे सुजलेल्या पुढच्या हिरड्या, या खुणाही नोंदवण्याजोग्या असतात.

पालकांना विचारलेले प्रश्न मात्र याहून मोलाचे. मूल रोज घोरते का? मध्येच श्वास थांबतो का? अंथरूण ओले करणे सुटून पुन्हा सुरू झाले का? अशी मुले दिवसा पेंगतातच असे नाही. बरीचशी उलट चुळबुळी होतात आणि मग ‘वांड’ ठरतात, हे फार अन्यायाचे आहे. मिशिगन विद्यापीठात तयार झालेल्या २२ प्रश्नांच्या यादीत एक तृतीयांश किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली, तर पुढील तपासणी करतात.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ च्या धोरणात ही चाचपणी दंतवैद्यांच्या कामात धरली आहे. निदान मात्र डॉक्टरांचे: रात्रभराची झोप-तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, त्यासाठी प्रमाण मानतात. उपचारात बहुधा टॉन्सिल-ॲडेनॉइड काढतात; टाळू अरुंद असलेल्या काही मुलांना ती रुंदावणारे उपकरण बसवतात.