हौसेला मोल नसतं, पण बिल जपून ठेवा!

पहिल्या पगारात अलॉय व्हील्स, दिवाळीच्या बोनसमध्ये म्युझिक सिस्टिम, मग प्रोजेक्टर हेडलाइट्स, सीट कव्हर्स आणि शेवटी मॅट फिनिशचं रॅप. एकेक करत तुम्ही तुमची गाडी सजवलीत. आता सिग्नलला थांबलात की आजूबाजूच्या माना वळतात. भारी वाटतं ना? वाटायलाच हवं. पण त्या वळलेल्या मानांमध्ये एखादी अशीही असते, जिच्या डोळ्यांना गाडी दिसत नाही, तिचे सुटे भाग दिसतात.

आणि समजा, ही गाडी उद्या चोरीला गेलीच, तर विमा कंपनीच्या लेखी ती कोणती गाडी असेल? तुमची नाही. शोरूममधून निघालेली, कुणाचीही असू शकेल अशी साधी गाडी. विम्याची रक्कम ठरते ती ‘आयडीव्ही’वर, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीतून वयानुसार घसारा वजा करून. गाडी तीन ते चार वर्षांची असेल, तर ४० टक्के घसारा. तुम्ही वरून घातलेले लाखभर रुपये कुठेच लिहिलेले नसतील, तर त्यांची भरपाई शून्य!

चोराला नेमकं काय हवं असतं?

दरवेळी अख्खी गाडीच हवी असते असं नाही. उत्तर प्रदेशातल्या मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या तोडून त्यांचे पार्ट विकण्यासाठी देशभर बदनाम होता. पोलिसांच्या कारवाईनंतर २०२१च्या डिसेंबरमध्ये तो बंद झाला, पण सुट्या भागांची मागणी थोडीच संपते? आपल्याकडेही मारुती ईकोचे नुसते सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. सायलेन्सरमध्ये असं काय असतं? त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात.

हाच हिशेब तुमच्या गाडीला लावून बघा. अलॉय, टायर, हेडलाइट, अँप्लिफायर हे सगळं काढून दुसऱ्या गाडीला सहज बसतं. फोक्सवॅगन पोलोसारख्या गाडीचं तर उत्पादनच २०२२मध्ये थांबलं. अशा गाडीचे चांगले पार्ट सगळ्यांनाच हवे असतात.

आधी कागद, मग कुलूप

सुरक्षा म्हटलं की आपण थेट सायरन आणि जीपीएस शोधायला लागतो. पण सुरुवात फाइलपासून करा. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, दिवे यांची बिलं जपून ठेवा आणि विमा घेताना किंवा रिन्यू करताना ती जाहीर करा. इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीजसाठी वेगळं कव्हर मिळतं. मोटर टॅरिफनुसार त्याचा जादा हप्ता वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के असतो. म्हणजे ४० हजारांच्या सिस्टिमला वर्षाला साधारण १६०० रुपये. एका वीकेंडच्या हॉटेलिंगएवढे!

इथेच एक गोम आहे. प्रत्येक मॉडिफिकेशन कायदेशीर नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावून सांगितलं. रंग बदलायचा, सीएनजी किट बसवायचं, तर आरटीओकडे अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या. नोंद नसेल तर दंड आहेच, शिवाय विम्याचा दावाही अडकू शकतो. पोलीस शोधणार पांढरी गाडी आणि तुमची गाडी काळी, असं झालं तर सापडणार कशी?

तीच गोष्ट नंबर प्लेटची. ४१४१चा ‘दादा’ आणि ८०५५चा ‘बॉस’ करण्यात टशन आहे, मान्य. पण हाय सिक्युरिटी प्लेटवर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि ती न तुटणाऱ्या नाही, तर काढताना तुटणाऱ्या लॉकने बसवलेली असते. म्हणजे प्लेट बदलली की खूण राहते. दोन स्क्रूंची फॅन्सी प्लेट मात्र चोर दोन मिनिटांत बदलतो.

एका कुलपावर भागत नाही

चावी खिशात ठेवून बटण दाबलं की सुरू होणारी गाडी असेल, तर हे वाचाच. अशा चावीचा सिग्नल कमकुवत असतो. एक चोर घराच्या दाराशी उभा राहून तो उपकरणाने पकडतो आणि गाडीपाशी उभ्या साथीदाराकडे पोचवतो. गाडीला वाटतं, मालक जवळच आहे! उपाय सोपा आहे. रात्री चावी दारापासून लांब, सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. दुसरी चावीही त्यातच. पाऊच खरंच काम करतो का, हे चावी आत टाकून गाडीजवळ जाऊन तपासा.

दुसरी पळवाट डॅशबोर्डखाली असते. ‘ओबीडी’ पोर्टला यंत्र जोडून काही गाड्यांची नवी चावी तयार करता येते. त्या पोर्टला लॉक बसवून घ्या. छुपा किल स्विचही उपयोगी पडतो, पण तो गाडी सुरू होऊ न देणारा असावा, चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडणारा नको. आणि तो जाणकाराकडूनच बसवा. वायरिंग कापलं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

जीपीएस ट्रॅकर लावाल, तर स्वतःची बॅटरी असलेला लावा आणि चोराचा हात पहिल्यांदा जाईल तिथे लपवू नका. हो, आणि त्यातल्या सिमचा रिचार्ज बघा. रिचार्ज संपलेला ट्रॅकर म्हणजे नुसतं खेळणं. एअरटॅगवर पूर्ण भिस्त नको, कारण अनोळखी टॅग सोबत फिरतोय असा इशारा तो चोराच्या फोनवरही पाठवतो.

याच्या जोडीला जुनं ते सोनं! पिवळाधमक स्टीअरिंग लॉक आणि चाकांना लॉक नट. चोराला घाई असते, आपण त्याचा वेळ खायचा. चेसिस नंबर सगळ्या काचांवर कोरून घेतला, तर काचा बदलल्याशिवाय गाडी विकणं अवघड जातं.

रील टाका, पण पत्ता नको

सोसायटीचं गेट, पार्किंगचा नंबर आणि ‘चार दिवस गोव्यात’ अशी स्टोरी हे सगळं एकाच प्रोफाइलवर असेल, तर रेकी करायला कुणाला यायची गरजच नाही. व्हिडिओ घरापासून लांब शूट करा, नंबर झाका आणि ट्रिपचे फोटो परत आल्यावर टाका. गाडी आठवडाभर कुठल्याही गॅरेजमध्ये सोडताना ते ओळखीचं, बिल देणारं आहे ना, हे बघा. चावी तिथेही राहते, विसरू नका.

गाडी जागेवर नाही?

• आधी खात्री करा, टोइंगवाल्यांनी तर उचलली नाही ना?
• ११२ला फोन करा, लगेच पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा. आता चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे. केलेले सगळे बदल तक्रारीत लिहा.
• फास्टॅगचे मेसेज तपासा. टोलनाका कळला तर पोलिसांना सांगा.
• विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. कर्ज असेल तर बँकेलाही.
• दोन्ही चाव्या सांभाळा, कंपनी त्या मागते.
• गाडी सापडली नाही, तर पोलिसांच्या ‘अ समरी’ अहवालाचा पाठपुरावा करा. दाव्यासाठी तो लागतो.

आता काम एकच. येत्या रविवारी गाडी धुवून झाली की चारही बाजूंनी, आतून आणि डिकीतून फोटो काढा. छोटासा ओरखडा, तुम्ही स्वतः लावलेला स्टिकर, सीटवरची शिलाई, सगळ्याचे क्लोजअप घ्या. बिलांसोबत ते स्वतःला मेल करून ठेवा. गाडीचं जे वेगळेपण चोराला खुणावतं, तेच ‘ही माझीच’ म्हणायला पुरावा ठरतं. फक्त ते कुठेतरी लिहून ठेवलेलं हवं.