हिंगण्याची वाट

नेतृत्व हा शब्द उच्चारला, की सभा गाजविणारा वक्ता किंवा सैन्याच्या अग्रभागी दौडणारा वीर डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु नेतृत्वाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात गर्जना नसते, जयघोष नसतो आणि झटपट यशही नसते. पडल्यावर उठावे आणि पुन्हा त्याच दिशेने पाऊल टाकावे, एवढेच त्याचे स्वरूप. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १०४ वर्षांचे आयुष्य हा या नेतृत्वाचा एक विस्तृत पाठ होय.

१८५८ साली कोकणात जन्मलेला आणि मुरुडला वाढलेला हा मुलगा स्वभावाने विलक्षण भिडस्त होता. परीक्षेसाठी तो भर पावसाळ्यात, सह्याद्रीचा घाट ओलांडून, शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्याला गेला. तेथे परीक्षकांना तो वयाने लहान दिसला आणि त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तो निमूटपणे परतला, पुढे कोल्हापूरला जाऊन बसला आणि उत्तीर्ण झाला. नकार म्हणजे शेवट नव्हे, ही खूणगाठ बहुधा तेव्हाच बांधली गेली.

खरी कसोटी लागली ती १८९३ साली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या विधुर कर्व्यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या याच गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरुडच्या समाजाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. मुलगा गावी आला तरी आईने त्याला घरात घेऊ नये, अशी अवस्था झाली. बहिष्काराचा घाव एकट्यावर पडला असता तर तो सोसणे सोपे होते. येथे तो घरच्या निरपराध माणसांवर पडला. अशा वेळी काही जण खचून काम सोडतात, तर काही संतापून समाजाशी कायमचे वैर धरतात. कर्व्यांनी यांपैकी काहीच केले नाही.

येथे चिकाटी आणि हट्ट यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. हट्टी माणूस मार्गालाच कवटाळून बसतो. चिकाटीचा माणूस ध्येय धरून ठेवतो आणि मार्ग बदलण्यास लाजत नाही. पुनर्विवाहाला धजावणाऱ्या विधवा थोड्याच. शिक्षण मात्र प्रत्येकीला स्वतःच्या पायांवर उभे करू शकेल, हे कर्व्यांनी ओळखले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रमात मुली पाठविणाऱ्यांच्या मनात शंका राहू नये म्हणून पुनर्विवाहाच्या चळवळीतून त्यांनी अंग काढून घेतले. या संयमाची किंमतही मोजावी लागली. स्वतः पुनर्विवाहित असल्यामुळे आनंदीबाईंना पतीच्याच आश्रमात मोकळेपणाने वावरता येईना. नेत्याच्या दृढतेचा भार पुष्कळदा त्याच्या घरातील माणूस वाहत असतो. त्या भाराची नोंद न करता नेत्याचे गुणगान करणे न्यायाचे नव्हे.

पुण्यात प्लेगचा कहर माजला आणि आश्रम शहराबाहेर हलविणे भाग पडले. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याला जमीन दिली आणि १९०० साली तेथे एक साधी झोपडी उभी राहिली. मग महाविद्यालयातील तास आटोपून, सामानाचे ओझे घेऊन, कित्येक मैलांची चिखलाची वाट तुडवीत कर्वे हिंगण्याला जात आणि सकाळी अध्यापनासाठी पुन्हा परत येत. त्या वाटेवर त्यांना पाहण्यास कोणी उभे नव्हते. चिकाटीचे बहुतेक काम असेच, कोणी पाहत नसताना होत असते.

पण एकट्याची चिकाटी एकट्याबरोबर संपते. कर्व्यांनी ती इतरांत रुजविली. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले प्रौढ वयात अक्षरे गिरवून शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव निधी मागत हिंडल्या आणि १९१८ साली, इंग्रजी तोकडे असतानाही, थेट अमेरिकेला गेल्या. १९०८ साली स्थापन झालेल्या निष्काम कर्ममठानेही अशीच वाहून घेतलेली माणसे संस्थेला पुरविली.

१९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकाने त्या कल्पनेला चालना दिली होती. आरंभी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शिक्षण मातृभाषेतून होते; परंतु त्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती आणि मान्यता नसलेल्या पदवीसाठी मुलींना पाठविणार कोण, हा प्रश्न प्रतिवर्षी समोर उभा राहत असे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. तरीही कर्वे थांबले नाहीत. सत्तरी उलटल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे विद्यापीठाची माहिती सांगत व निधी गोळा करीत फिरले. कायद्याची मान्यता आली १९५१ साली, म्हणजे स्थापनेनंतर ३५ वर्षांनी! १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, तेव्हा कर्वे शंभर वर्षांचे होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

सर्वांनाच एवढे आयुष्य लाभत नाही, आणि उशिरा आलेल्या यशामुळे आधीची अवहेलना योग्य ठरत नाही. तथापि कर्व्यांच्या चरित्रातून एवढे निश्चित उमगते, की ध्येयाशी निष्ठा, मार्गाविषयी मोकळे मन, विरोधकांविषयी अकटुता आणि आपल्यामागून काम चालविणारी माणसे घडविण्याची दृष्टी, या चारही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे सहनशीलतेचे नेतृत्व होते. त्यांतील एकीचीही उणीव असेल, तर ती नुसती सोशिकता उरते. आणि नुसत्या सोशिकतेने दुःख सोसता येते, दूर करता येत नाही.