बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

तुर्भे स्टोअरच्या आतल्या गल्लीतलं समाजमंदिर. रविवार, सकाळचे साडेदहा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून अवजड गाडी गेली की खिडकीचे गज थरथरतात. सतरंजीवर चाळीसेक जण बसले आहेत, सगळे अठरा ते बावीस वयातले. मुली भिंतीकडे, मुलगे दाराकडे, मध्ये एक माणूस आडवा होईल एवढी मोकळी जागा. कुणी बाजार समितीत गाळ्यावर हिशेब लिहितो, कुणी एमआयडीसीत पॅकिंगला आहे, एकीनं पार्लरचा कोर्स धरलाय. दोघं डिलिव्हरीच्या चौकोनी पिशव्या शेजारी ठेवून बसलेत.

समोर सिस्टर उभ्या आहेत. पालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्या, तरी वस्तीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. एके काळी ट्रक टर्मिनलवर रात्री ड्रायव्हरांना गाठून त्यांनी निरोध वाटलेत, तपासणीला या म्हणून हातापाया पडल्यात. त्यांच्यापुढं टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, झाकणाला सुरीनं फट पाडलेली. आल्या आल्या प्रत्येकानं त्यात बिननावाची चिठ्ठी टाकलीय. विचारायचं काही नसेल तर कोरी टाकायची, पण टाकायचीच. म्हणजे कुणी लिहिलं, कुणी नाही, ते उघडं पडत नाही.

सिस्टर पहिली घडी उलगडतात. वहीच्या पानाचा तुकडा, पेन दाबून लिहिलेलं. "स्वप्नदोषाने ताकद जाते का? लग्नानंतर त्रास होईल का?"

कुणी हसत नाही. मुलग्यांच्या बाजूच्या माना मात्र खाली जातात.

"हा शब्दच आधी टाकून द्या," सिस्टर म्हणतात. "झोपेत वीर्य बाहेर पडलं, त्यात दोष कुणाचा? वीर्य अंगात तयार होतं, बाहेर पडतं, पुन्हा तयार होतं. ताकद जात नाही. याला औषध नाही, कारण हा आजारच नाही."

लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंती मला आठवतात. रुळांच्या कडेनं चुन्यावर रंगवलेले ते दवाखाने: गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज. लहानपणी मी ती अक्षरं जोडून जोडून वाचायची आणि घरात अर्थ विचारला की गप्प केली जायची. आपल्या भाषेनं या बाबतीत माणसाला आधीच आरोपी करून ठेवलंय. मुलग्याला स्वप्नदोष, मुलीला विटाळ. शरीराला नुकतं कुठं काही होऊ लागतं, तोवर त्याचं नावच त्याला दोष देऊन मोकळं होतं.

समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, कालचा हार अजून ताजा. ही चिठ्ठी त्यांच्या ओळखीची आहे. र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली कर्व्यांच्या बाजूनं न्यायालयात बाबासाहेब उभे राहिले. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक १९५३पर्यंत, मरेपर्यंत, चालू ठेवलं. आणि २००७ साली याच महाराष्ट्रानं शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. त्या वर्षी या सतरंजीवरची थोरली मुलं अंगणवाडीत होती, धाकटी जन्माला येत होती. मला याचा राग येतो. नव्वद वर्षांनी तीच चिठ्ठी त्याच भीतीनं लिहिली जातेय.

दुसरी, तिसरी, चौथी चिठ्ठी निरोधबद्दल. सिस्टर लाकडी नमुना काढतात. मुदत कुठं छापलेली असते, पाकीट दाबून आत हवा आहे का ते कसं बघायचं, दातानं का फोडायचं नाही, पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवला की तो कसा खराब होतो, हे सगळं भाजी निवडावी तितक्या सहज दाखवतात. भिंतीकडून एक मुलगी विचारते, "आणि समोरचा म्हणाला की तुझा माझ्यावर विश्वास नाही का, तर?"

"तर निरोधशिवाय नाही म्हणायचं. ते पण नाहीच आहे, पूर्ण नाही."

मग ती चिठ्ठी निघते. हिरव्या शाईतली. "मुलगी काहीच बोलली नाही तर काय समजायचं?"

"हो समजायचं," निळ्या शर्टातला एक जण मागून बोलतो. उद्धटपणा नाही, परीक्षेतलं उत्तर द्यावं तसं. "आमच्या गावाकडं म्हणतात ना, मौनं संमतिलक्षणम्."

दोघी-तिघींची चुळबुळ होते. पार्लरवाली बोलते. "मी बसमध्ये गप्प असते. मागून कुणी खेटलं की घशातून आवाजच निघत नाही माझ्या. ते काय हो असतं का?"

सिस्टर त्याला पुढं बोलावतात. पिशवीतून रबरी पट्टा काढून त्याच्या दंडाला बांधतात, कोपरातली शीर बोटानं चाचपतात, कापसाचा बोळा फिरवतात. स्पिरिटचा वास पसरतो. त्याचा चेहरा उतरलाय. तो बोलत नाही, हातही मागं घेत नाही. सुईचं पाकीट हातात धरून सिस्टर थांबतात.

"तू गप्प आहेस. टोचू?"

"नको."

"आत्तापर्यंत का बोलला नाहीस?"

तो बराच वेळ विचार करतो. "तुम्ही मोठ्या आहात. आणि सगळे बघतायत."

सिस्टर पट्टा सोडतात. दंडावर उमटलेली लाल रेघ ते दोघंही बघतात. "एचआयव्हीची तपासणी करायची तर तुला समजावून सांगून तुझी संमती घ्यावी लागते. २०१७चा कायदा आहे. थेंबभर रक्ताला विचारावं लागतं, बाळा. मग सगळ्या अंगाला?"

खोली शांत आहे. सिस्टर त्याच आवाजात १९७२ची गोष्ट सांगतात. देसाईगंजचं पोलीस ठाणं, रात्रीची वेळ, एक आदिवासी पोर, दोन पोलीस. "वडसा म्हणतात त्याला," डिलिव्हरीवाल्यांपैकी एक हळूच म्हणतो. "आमच्याकडची गाडी थांबते तिथं." अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे तिची ना नव्हती, असं धरून सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडून दिलं. त्यावर १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर त्यांत होते. निमूट राहणं वेगळं आणि संमती वेगळी, हे त्यांनी न्यायालयाला सांगितलं. बायका रस्त्यावर आल्या, १९८३मध्ये कायदा बदलला. पुढं २०१३मध्ये तर स्पष्टच लिहिलं गेलं, आणि आज भारतीय न्याय संहितेच्या ६३व्या कलमात ते आहे: संमती म्हणजे स्वतःहून, स्वच्छ दिलेला होकार. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. "आणि अठराच्या आतल्यांची संमती कायदा धरतच नाही," सिस्टर पुढं जोडतात. "तिनं हो म्हटलं होतं, हे तिथं चालत नाही."

वडशाकडचा पोरगा मान वर करून विचारतो, "ती आहे का अजून? तिचं काय झालं?"

"कायदा बदलला, पण तिला त्याचा उपयोग झाला नाही," सिस्टर म्हणतात आणि थोडा वेळ पुढची चिठ्ठी काढत नाहीत.

साडेबारा वाजतात. सतरंजीच्या मधल्या मोकळ्या जागेत आता चहाचे कप आहेत. मुली घोळक्यानं सिस्टरांना पाळीच्या दुखण्याबद्दल विचारतायत. आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्राच्या, वेळा कुणी फोनमध्ये टिपून घेतंय, कुणी एचआयव्हीच्या माहितीचा १०९७ हा मोफत नंबर. निळा शर्ट दारापाशी घुटमळतोय. गर्दी ओसरल्यावर तो पुढं येतो.

"सिस्टर, माझं लग्न ठरलंय. मे महिन्यात."

"अरे वा. मुलगी कुठली?"

"जालन्याची. बघायला गेलो तेव्हा मान खाली घालून बसली होती. एक शब्द बोलली नाही. तिची मावशी म्हणाली, पसंत आहे."

"वय काय तिचं?"

"एकोणीस पूर्ण."

"आणि तू काय विचारलंस तिला?"

"शिक्षण." तो दंडावरची रेघ चोळतो. ती आता जवळजवळ गेलीय. "आत्ता विचारलं तर चालेल का? सुपारी फुटलीय."

"तिनं नाही म्हटलं तर ऐकून घेशील?"

तो लगेच उत्तर देत नाही. सिस्टरही घाई करत नाहीत. डब्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या त्या एकेक करून बारीक फाडतायत.

"घेईन," तो म्हणतो.

बाहेर ऊन चढलंय. कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीला टेकून तो फोन लावतो. रस्त्यावरून कंटेनर जातो, म्हणून दुसऱ्या कानावर हात ठेवून जरा मोठ्यानं बोलतो, "आई, तिचा नंबर पाठव ना. मावशीचा नको. तिचा."