विश्लेषण : भूकंपातून वाचलेली माणसे तात्पुरत्या घरांत का खचतात?

भूकंप काही सेकंदांत थांबतो, पण बेघर झालेल्यांचा पत्र्याच्या शेडमधला मुक्काम वर्षानुवर्षे लांबतो. ढिगाऱ्याखालून वाचलेली काही माणसे पुढे याच निवाऱ्यात एकाकीपणाने दगावतात, हे जपानने अनुभवले आहे. असे का होते आणि ते टाळता येते का, याविषयी...

कोबेमध्ये काय घडले?

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानच्या कोबे परिसरात झालेल्या भूकंपात ६,४३४ जणांचा मृत्यू झाला. बेघरांसाठी सुमारे ४८ हजार तात्पुरती घरे उभारण्यात आली. वृद्ध आणि अपंगांना आधी घर मिळावे म्हणून त्यांना प्राधान्य देऊन सोडती काढल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण त्यामुळे जुने शेजार फुटले. गल्लीत रोज भेटणारी माणसे शहराबाहेरच्या वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली गेली. पुढच्या पाच वर्षांत या घरांमध्ये २०० हून अधिक जण एकटे असताना मरण पावले. काहींचा मृत्यू शेजाऱ्यांनाही अनेक दिवसांनी कळला. अशा मृत्यूला जपानीत ‘कोदोकुशी’ म्हणजे एकाकी मृत्यू म्हणतात. त्यांत केवळ वृद्ध नव्हते. काम गेलेले, दारूच्या आहारी गेलेले, एकटे राहणारे मध्यमवयीन पुरुषही मोठ्या संख्येने होते.

मनावर परिणाम कशाचा होतो?

आपत्तीनंतर झोप उडणे, धसका बसणे, वाचल्याबद्दल अपराधी वाटणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते काळाबरोबर ओसरते. सुरुवातीला मदतीचा ओघ असतो, माणसे एकमेकांना धरून असतात. खरी अडचण त्यानंतर येते. स्वयंसेवक परततात, बातम्या थांबतात आणि प्रश्न उरतात : पक्के घर कधी मिळणार? कर्ज कसे फिटणार? त्यात भर पडते ती पातळ भिंती, उकाडा किंवा थंडी आणि एका खोलीत कोंडलेले कुटुंब यांची. ज्यांचे घर लवकर होते ते निघून जातात. मागे राहतात ते वृद्ध, एकटे आणि गरीब.

नोटोमध्ये काय दिसले?

१ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोटो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीत वाजिमा शहरातील काही तात्पुरत्या घरांत पाणी शिरले आणि नव्याने मांडलेला संसार पुन्हा उचलावा लागला. विस्थापन, ताण व आजारपणातून नंतर झालेल्या मृत्यूंची जपान ‘आपत्तीशी संबंधित मृत्यू’ म्हणून वेगळी नोंद करतो. नोटोमध्ये ही संख्या थेट मृत्यूंपेक्षा जास्त आहे.

उपाय काय?

कोबेतील मोठ्या वसाहतींमध्ये एकत्र बसण्यासाठी केंद्रे उघडली गेली, घरोघरी जाऊन विचारपूस करणारे कार्यकर्ते नेमले गेले. २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहरात काही वस्त्या एकगठ्ठा हलवल्या गेल्या, तर काहींना सोडतीने स्वतंत्र घरे मिळाली. तेथील ज्येष्ठांची पाहणी योगायोगाने आपत्तीपूर्वीच झाली होती, त्यामुळे तुलना करता आली. एकत्र हललेल्यांचे परस्परांकडे येणे-जाणे वाढले, एकेकटे गेलेल्यांचे घटले. म्हणजे घर कोणते मिळाले याइतकेच, शेजारी कोण आहे हेही महत्त्वाचे ठरते. घडलेला प्रसंग सगळ्यांकडून एकाच बैठकीत बळेच वदवून घेणे मात्र उपयोगाचे नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी सुरक्षितता, मूलभूत गरजा, आपल्या माणसांची भेट आणि ऐकून घेणारा कान. त्रास टिकून राहिला तर उपचार, असा क्रम असावा.

महाराष्ट्राचा अनुभव काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर हादरला आणि जवळपास आठ हजार माणसे गेली. वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. पण अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना टेकलेले वाडे जाऊन रुंद, सरळ रस्त्यांची आखणी आली. भावकी आणि शेजार यांत अंतर पडले. हाक मारली की ऐकू जाईल, असे घर राहिले नाही.

मदत कुठे मिळते?

भारतात ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. मात्र निवाऱ्यात एकटा पडलेला माणूस स्वतःहून फोन उचलेलच असे नाही. रोज दार वाजवून ‘जेवलात का?’ विचारणारे कोणी नेमणे, हाही पुनर्वसनाच्या खर्चाचाच भाग मानावा लागेल.