धर्माचा रकाना आणि आपली ओळख

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा दिली. आपल्या आजी-आजोबांनी त्या दिवशी जुनी ओळख टाकली. परंतु केंद्राच्या कायद्याने त्या निर्णयाचा मान राखण्यास पुढे ३४ वर्षे लागली.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजले जात नसे. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला. बौद्ध मात्र धर्मांतर करताच केंद्राच्या सवलतींना मुकले. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रीय आरक्षणाचे दार बंदच राहिले. परिणामी कित्येक घरांत भिंतीवर तथागत आणि कागदावर 'हिंदू' अशी दुहेरी नोंद होत गेली. धर्म बदलल्याने सामाजिक व आर्थिक स्थिती बदलत नाही, हे मान्य करून संसदेने १९९० मध्ये आदेशात बौद्धांचा समावेश केला. १९९३ मध्ये केंद्राने बौद्धांना अल्पसंख्याक म्हणूनही अधिसूचित केले.

तरीही प्रवेशाच्या वेळी एखादे पालक आजही आम्हांला दबक्या आवाजात विचारतात, "सर, बौद्ध लिहिलं तं पोराची स्कॉलरशिप जाईन का?" जात नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीतील जातीचे नाव लिहावे. 'बौद्ध' हे जातीचे नाव नव्हे. जातीच्या जागी ते लिहिल्यास जनगणनेत अनुसूचित जातीत गणना होत नाही. जात लिहिताना मनाला बोचते, हे आम्ही जाणतो. परंतु ती नोंद पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाचा पुरावा आहे, जातीवरील श्रद्धेची कबुली नव्हे.

गडचिरोलीच्या आपल्या गोंड व माडिया बांधवांचा प्रश्न निराळा आहे. अनुसूचित जमातीस धर्माची अट नाही. मात्र त्यांच्या परंपरागत धर्मास जनगणनेत स्वतंत्र स्थान नाही. २०११ मध्ये देशातील सुमारे ७९ लाख लोक 'इतर धर्म' या एकाच सदरात मोजले गेले. नावाने ओळखले जाण्याची त्यांची मागणी आपण समजून घेतली पाहिजे.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात तीन हजारही बौद्ध नव्हते. १९६१ मध्ये ते २७ लाखांवर गेले. केंद्राच्या सवलती जात असतानाही त्यांनी 'बौद्ध' लिहिले. आपल्याला तर आज काहीच गमवावे लागत नाही.